निळ्या रेषेची किंमत कोणी मोजायची?

१७ मे २०२५ रोजी, पावसाळा तोंडावर आला असताना, पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने चिखली येथील इंद्रायणीकाठचे ३६ बंगले जमीनदोस्त केले. अतिक्रमण हटविण्याचे दृश्य या उद्योगनगरीला नवे नाही. परंतु एरवी अशी यंत्रे झोपड्यांवर चालतात. या वेळी ती पैका ओतून बांधलेल्या पक्क्या घरांवर चालली. राष्ट्रीय हरित लवादाने १ जुलै २०२४ रोजी ही बांधकामे पाडण्याचा आणि पाच कोटी रुपयांची पर्यावरणीय नुकसानभरपाई वसूल करण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयातही तो आदेश कायम राहिला आणि पाडकाम अटळ झाले. कारण एकच होते. ही घरे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत उभी होती.

या घटनेवर उमटलेल्या प्रतिक्रिया दोन प्रकारच्या होत्या. एका पक्षाचे म्हणणे असे की, नदीच्या पात्रात घर बांधणाऱ्याने न्यायालयाकडे दयेची याचना करू नये. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, या घरमालकांनी जागेचे पैसे मोजले, मुद्रांक शुल्क भरले, खरेदीखते नोंदविली, त्यांना वीजजोड मिळाले, पालिकेने त्यांच्याकडून घरपट्टीही घेतली. मग ते एकटेच दोषी कसे? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि, या दोहोंच्या मध्ये जो खरा प्रश्न आहे तो बाजूलाच राहिला. पुराचा धोका असलेल्या जमिनीचा व्यवहार होत असताना तिच्यापासूनचा लाभ कोणी कोणी घेतला, आणि धोका मात्र अखेरीस कोणाच्या पदरात टाकला, हा तो प्रश्न होय. हा प्रश्न कायद्याचा तर आहेच. पण त्याहून अधिक तो अर्थशास्त्राचा आहे.

पांढरी आणि काळी

पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही. पण नद्या तीन आहेत. दक्षिणेस मुळा, मध्यातून पवना आणि उत्तरेस इंद्रायणी. पवना रावेत, थेरगाव, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी अशी वळणे घेत दापोडीपाशी मुळेला मिळते. इंद्रायणी देहूवरून तळवडे, चिखली, मोशी, आळंदी या मार्गाने तुळापूरला भीमेत विसर्जित होते. चाकणच्या उत्तरेकडील भामाही अखेर भीमेकडेच जाते. या नद्यांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांचा पाऊस एकीकडे पडतो आणि पूर दुसरीकडे येतो. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो; पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला त्याचा पाचवा-सहावा हिस्सा येतो. त्यामुळे चिंचवडमध्ये ऊन पडलेले असतानाही पवनेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढत असते. परगावाहून नव्याने आलेल्या माणसाला हे ठाऊक नसते. तो आभाळाकडे पाहून निर्धास्त राहतो.

जुन्या गावकऱ्याला हे ठाऊक होते. आपल्याकडे महसुली परिभाषेत वस्तीच्या जागेला पांढरी आणि पिकाच्या जमिनीला काळी म्हणत आले. सर्वसाधारणपणे पांढरी उंचवट्यावर असे आणि नदीलगतची मळई पिकासाठी मोकळी राही. पूर आला तर एक हंगाम बुडे, घर बुडत नसे. शिवाय पुराने आणून टाकलेला गाळ पुढच्या पिकाला कामी येई. नदीच्या अगदी काठावर जे काही बांधले गेले ते देवालय किंवा घाट, आणि तेही पाणी येणार हे गृहीत धरूनच. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात पवनेचे पाणी शिरणे ही पावसाळ्यातील एक परिचित घटना आहे. पाणी ओसरते, मंदिर धुतले जाते आणि पूजाअर्चा पुन्हा सुरू होते. दगडी बांधकामाला चार दिवस पाण्यात उभे राहण्याचे भय नसते. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातील गाद्या, फ्रीज आणि मुलांच्या वह्यापुस्तकांना ते असते.

ही व्यवस्था मोडली ती अडाणीपणाने नव्हे, तर जमिनीच्या टंचाईमुळे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाठोपाठ भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका, १९९७ मध्ये भोवतालच्या १८ गावांचा समावेश आणि २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजारांवर गेलेली लोकसंख्या, असा हा प्रवास आहे. पुढे चाकणचा वाहन उद्योग आणि हिंजवडीचे संगणक उद्यान यांनी त्यात भर घातली. कामगारांना रास्त दरात घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले खरे. पण कारखाने ज्या वेगाने वाढले त्या वेगाने घरे झाली नाहीत, आणि २०२१ मध्ये ते प्राधिकरणच विसर्जित झाले. ज्याला प्राधिकरणाचा भूखंड मिळाला नाही आणि विकसकाची सदनिका परवडली नाही, तो गुंठ्याकडे वळला. चाळीस गुंठ्यांच्या एकरातील एक किंवा दोन गुंठे. ते स्वस्त कोठे मिळतात? जेथे बिगरशेती परवाना मिळत नाही तेथे. आणि परवाना कोठे मिळत नाही? नदीकाठी.

येथे एक गोष्ट सहज नमूद करण्याजोगी आहे. या शहरात ‘रेड झोन’ म्हटले की लोकांना पूररेषा आठवत नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा संरक्षण खात्याचा निर्बंधित पट्टा आठवतो. तेथेही हेच घडले. बांधकामाला बंदी म्हणून जमीन स्वस्त, स्वस्त म्हणून खरेदीदार, खरेदीदार म्हणून वस्ती, आणि वस्ती झाली म्हणून बंदी उठविण्याची मागणी. बंदीची रेषा जमिनीवर आखली की तिचा दर उतरतो. तिचा व्यवहार थांबत नाही. हे सूत्र ज्यांना उमगले त्यांनी दोन्हीकडे पैसा केला.

शंभरात चार

पूररेषांची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९८९ साली राज्याच्या पाटबंधारे खात्याने परिपत्रक काढून नदीकाठच्या जमिनीचे पट्टे ठरविले. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत पोहोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत पोहोचतो ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तेथे उद्याने, मैदाने, शेती असे मोकळे उपयोगच चालतील. निळ्या आणि लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित. तेथे जोते लाल रेषेच्या वर घेऊन, अटी पाळून बांधता येईल. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतही हीच विभागणी पाळलेली आहे.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग मात्र सामान्य माणसाची दिशाभूल करणारा आहे. तो ऐकून खरेदीदाराची समजूत अशी होते की, गेल्या वर्षी पूर येऊन गेला, आता चोवीस वर्षे काळजी नाही. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच की, तसा पूर येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात चार असते. मग तो गेल्या वर्षी आलेला असो वा नसो. वीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज घेऊन निळ्या रेषेवर घर बांधणाऱ्या माणसाचा हिशेब मांडून पाहावा. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता शंभरात शहाण्णव. सलग वीस वर्षे तो न येण्याची शक्यता काढली तर ती शंभरात चव्वेचाळीसच उरते. म्हणजे कर्ज फिटण्यापूर्वी निदान एकदा तरी घरात पाणी शिरण्याची शक्यता छप्पन टक्के. नाणे उडवून पाहण्यापेक्षाही हा जुगार वाईट आहे. आणि हा रेषेवरच्या घराचा हिशेब झाला. रेषेच्या आत, नदीच्या दिशेने जो जितका सरकेल त्याचा धोका तितका वाढत जातो. लाल रेषेवरच्या घरालाही वीस वर्षांत पूर लागण्याची शक्यता अठरा टक्के भरते. हे आकडे काढण्यास शालेय गणित पुरेसे आहे. परंतु कोणत्याही खरेदीखताला जोडून ते ग्राहकाच्या हाती दिले जात नाहीत.

शिवाय हे गणित हवामान पूर्वीसारखेच राहील हे गृहीत धरून केलेले आहे. थोड्या तासांत प्रचंड पाऊस कोसळण्याच्या घटना वाढत आहेत, हे आता वादातीत आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा मिठी नदीच्या काठी काय झाले ते सर्वश्रुत आहे. कालची निळी रेषा उद्या तेथेच राहील असे नाही. ती काठावरून आत, वस्तीच्या दिशेने सरकण्याचाच संभव अधिक.

साखळीतील शेवटचा माणूस

आता व्यवहाराची साखळी पाहू. नदीकाठच्या शेतकऱ्याला त्या जमिनीवर कधी परवाना मिळणार नाही हे माहीत असते; त्यामुळे एकराला मिळेल तो भाव तो घेतो. घेणारा त्या एकराचे गुंठे पाडतो आणि शेतीच्या भावाने घेतलेली जमीन घराच्या भावाने विकतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदला जातो. त्या कार्यालयाचे काम दस्त नोंदण्याचे, त्या जागेवर घर बांधता येईल की नाही हे सांगण्याचे नव्हे. शासनाला मुद्रांक शुल्क मिळते. वीज मिळते, रस्ता होतो, निवडणुकीच्या सुमारास नळही येतात. पालिका घरपट्टी आकारते. अनधिकृत बांधकामावर दुप्पट शास्ती आकारण्याची तरतूद महापालिका अधिनियमात आहे. मात्र अशी आकारणी झाली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, हेही कायद्याला अभिप्रेत आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये हा शास्ती कर वर्षानुवर्षे राजकारणाचा विषय झाला आणि २०२३ मध्ये शासनाने तो माफ केला. थोडक्यात, जे बांधकाम कायद्याच्या दृष्टीने नव्हतेच, त्याच्यावर आधी कर बसला, मग दंड बसला आणि मग दंडाची माफीही झाली. सामान्य नागरिकाने यावरून ‘घर पक्के झाले’ असा निष्कर्ष काढला तर त्याला भाबडा म्हणता येईल, लबाड म्हणता येणार नाही.

या साखळीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यातील प्रत्येकाला आपला लाभ तत्काळ मिळतो आणि धोका पुढच्याकडे ढकलता येतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्यव्यय म्हणतात, म्हणजे एकाच्या व्यवहाराची किंमत व्यवहाराबाहेरच्याने मोजणे, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. शेवटच्या माणसाला पुढे ढकलायला कोणी उरत नाही. चिखलीच्या छत्तीस घरांच्या बाबतीत पुराच्या आधी न्यायालयाचा आदेश आला, एवढाच काय तो फरक.

तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यात शिथिलता आणून नागरी भागातील लहान तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याचे धोरण शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले. लक्षावधी कुटुंबांची अडचण पाहता ते समजण्यासारखे आहे. परंतु गावठाणालगतचा गुंठा आणि नदीपात्रालगतचा गुंठा यांत भेद न करता एकाच मापाने दोघांना मोजले, तर चिखलीसारखी प्रकरणे अधिकृततेचा शिक्का घेऊन उभी राहतील.

भरावाचे पाणी जाते कोठे?

रेषेच्या आत बांधणारा केवळ स्वतःचाच धोका पत्करतो असेही नाही. पूर वाहण्यासाठी नदीला रुंदी लागते. ती एका काठाने खाल्ली की पाणी उंची वाढवून तिची भरपाई करते, आणि ती वाढ समोरच्या काठावर व वरच्या अंगाला जाणवते. पिंपरी-चिंचवडच्या नदीकाठांवर बांधकामांचा राडारोडा टाकून जमीन उंच करण्याचे प्रकार वर्षानुवर्षे चालत आलेले आहेत. रात्री डंपर येतात, पहाटेपर्यंत काठ दोन हात पुढे सरकतो आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर तेथे गवत उगवून ती ‘पूर्वीपासूनची’ जमीन होते. ज्याने भराव टाकला त्याचा भूखंड कोरडा राहतो. पाणी समोरच्या चाळीत शिरते.

यात कारखानदारीचाही वाटा आहे, पण तो सहसा दृष्टीस पडत नाही. माळरानावर पडलेला पाऊस काही अंशी मुरतो आणि उरलेला सावकाश ओढ्याला मिळतो. त्याच माळावर पत्र्याची विस्तीर्ण छपरे, काँक्रीटचे रस्ते आणि वाहनतळ झाले की मुरणे जवळपास थांबते आणि पाणी एकदम धावत सुटते. त्याच वेळी ते वाहून नेणारे ओढे बुजविले वा नळ्यांत कोंबले गेले, तर काय होते ते जून २०२५ च्या आरंभी हिंजवडीत दिसले. पावसाच्या एका जोरदार सरीत संगणक उद्यानाचे रस्ते ओढ्यासारखे वाहिले आणि मग अडविलेल्या नाल्यांचा शोध सुरू झाला. चाकणच्या वाढत्या टप्प्यांत हीच पुनरावृत्ती टाळायची असेल, तर प्रत्येक मोठ्या कारखान्याने आपल्या छपराचे पाणी आवारातच काही तास धरून ठेवावे, अशी अट घालणे अवघड नाही. कारखान्याच्या एकंदर भांडवली खर्चात त्या तलावाचा खर्च नगण्य असतो. तो न केल्यास त्याची किंमत आळंदीच्या काठावरील दुकानदार मोजतो.

धरणाची तारेवरची कसरत

पूर आला की धरणाच्या अधिकाऱ्यांना दोष देण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पवना धरणाची क्षमता सुमारे साडेआठ अब्ज घनफूट. त्यातून सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून शहराला पुरविले जाते. म्हणजे याच धरणावर शहराची तहान भागते. पावसाळा संपताना ते भरलेले हवे, ही शहराची गरज. आणि पुराचे पाणी सामावून घेण्यासाठी ते काहीसे रिकामे हवे, हीही त्याच शहराची गरज. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत. याच पवनेच्या पाण्यावरून, बंद जलवाहिनीच्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात, ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात गोळीबार होऊन तीन शेतकरी प्राणास मुकले, हे विसरता येणार नाही. एवढी किंमत देऊन ज्या पाण्यासाठी भांडण होते, ते धरणात कमी साठवा असे कोणता अधिकारी म्हणेल? शिवाय धरणाच्या खालच्या बाजूला पडणाऱ्या पावसावर धरणाची सत्ता चालत नाही. विसर्गाची आगाऊ सूचना, वरच्या धरणांचा परस्पर मेळ, पावसाच्या अंदाजानुसार टप्प्याटप्प्याने साठा, हे सर्व आवश्यकच आहे. पण धरण पूर कमी करते, नाहीसा करीत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याने हे अत्यंत कठोरपणे अनुभवले. त्यानंतर गोखलेनगरासारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती उंचावर वसविल्या गेल्या; पुढे मोकळा झालेला नदीकाठ पुन्हा भरत गेला.

भिंत बांधावी की मागे सरावे?

कोकणात हा वाद वेगळ्या रूपात चालू आहे. तेथे शत्रू नदी नसून समुद्र आहे. रत्नागिरीजवळचा मिऱ्या आणि पालघर जिल्ह्यातील सातपाटी येथील धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची कहाणी ठरलेली असते. दगडांचा बंधारा बांधावा, लाटांनी तो खचवावा, पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरावे, आणि पुढच्या वर्षी दुरुस्तीसाठी निधीची मागणी व्हावी. मच्छीमाराला किनारा सोडून जाता येत नाही, म्हणून तेथे बंधारा हवाच. पण बंधाऱ्याच्या टोकाशी लाटांचा मारा वाढतो आणि शेजारच्या वाडीचा किनारा खचू लागतो, हेही किनारा अभियांत्रिकीला चांगलेच ठाऊक आहे. तेथेही संरक्षणाची एक रेषा आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत निर्बंध घातले. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागातील ना-विकास पट्टा पन्नास मीटरवर आणला गेला. समुद्र मागे सरकला म्हणून रेषा मागे सरकलेली नाही.

नदीकाठच्या भिंतींचा न्यायही हाच आहे. भिंत बांधली की तिच्यामागची जमीन सुरक्षित वाटते, सुरक्षित वाटते म्हणून महाग होते, महाग झाली म्हणून तेथे अधिक बांधकाम होते. आणि ज्या वर्षी भिंतीच्या मापाहून मोठा पूर येतो त्या वर्षी नुकसान पूर्वीच्या कितीतरी पट होते. अमेरिकन भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात पुराच्या हानीचा मोठा भाग मनुष्याच्या वस्तीनिवडीतून येतो, हे दाखवून दिले होते. मुळा, पवना आणि इंद्रायणीच्या काठसुशोभीकरणाच्या योजनांबद्दल जे आक्षेप घेतले जात आहेत, त्यांचे मूळ याच विचारात आहे. काठावर झाडे व पायवाटा करण्याला कोणाची हरकत नसावी. परंतु काठाला भराव घालून पात्र आवळणे आणि त्यातून निघालेल्या जमिनीच्या भावावर योजनेचा खर्च भागविणे, याला सुशोभीकरण म्हणता येत नाही.

ज्या देशाने शतकानुशतके बांध घालून समुद्राशी झुंज दिली त्या नेदरलँड्सने अलीकडे काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९९३ आणि १९९५ मध्ये तेथील नद्यांना मोठे पूर आले. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा परत देण्याचे धोरण त्या सरकारने स्वीकारले. तिसाहून अधिक ठिकाणी बांध मागे घेतले, पूरमैदाने खोल केली, उपप्रवाह मोकळे केले. त्यासाठी सुमारे २३० कोटी युरो खर्च केले. एका ठिकाणी शेतकऱ्यांनीच पुढाकार घेतला. काही जण मोबदला घेऊन अन्यत्र गेले. उरलेल्यांनी आपली घरे व गोठे कृत्रिम टेकाडांवर नव्याने बांधले आणि खालची जमीन पुरासाठी मोकळी सोडली. हा देश श्रीमंत आहे, आपण नाही, असे यावर म्हटले जाईल. खरे आहे. पण तेथे माघार घेणाऱ्याला मोबदला आधी मिळाला आणि घर नंतर पाडले गेले, हा क्रम श्रीमंतीवर अवलंबून नाही.

ज्यांना खरेदीखतही नाही

या सर्व चर्चेत बंगलेवाल्यांचे दुःख वृत्तपत्रांत येते. पवनाकाठच्या संजय गांधीनगरसारख्या वस्त्यांचे येते ते एका ओळीत. ‘नागरिकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले’ ही ती ओळ. २५ जुलै २०२४ रोजी पुणे परिसरात अतिवृष्टी झाली आणि धरणांतून विसर्ग वाढला, तेव्हा पुण्यात एकतानगरीची सदनिकाधारक कुटुंबे पाण्यात अडकली. पिंपरी आणि सांगवीच्या सखल भागांतील कुटुंबांनाही बोचकी बांधून पालिकेच्या शाळांचा आसरा घ्यावा लागला. सदनिकाधारक किमान पंचनाम्यासाठी भांडू शकतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईची तीन दिवसांची मजुरी, भिजलेले धान्य, वाहून गेलेली शिधापत्रिका यांचा पंचनामा कोणी करीत नाही. ती नदीकाठी राहते ती धोका ठाऊक नसल्याने नव्हे; कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर तिला परवडणारी दुसरी जागा नाही म्हणून. अशा वस्त्यांसाठी ‘पाडा’ हा शब्द उच्चारण्याआधी ‘कोठे’ या शब्दाचे उत्तर तयार असले पाहिजे, आणि ते उत्तर शहराच्या दूरच्या टोकाला बांधलेल्या इमारतींचे असून चालणार नाही. कारखान्यापासून तोडलेला कामगार चार महिन्यांत पुन्हा नदीकाठी परततो.

मग करावयाचे काय? पूररेषा हे आजवर नकाशावरील चित्र राहिले आहे. ते जमिनीच्या किमतीत उतरले पाहिजे. ज्या मूळ मालकाची शेतजमीन निळ्या रेषेच्या आत आहे, त्याला ती मोकळी ठेवण्याबद्दल काही मोबदला द्यावयास हवा. आरक्षणाच्या जमिनीबद्दल विकास हक्क हस्तांतरणाची पद्धत शहराला परिचित आहे. त्याच धर्तीवर नदीकाठच्या शेतकऱ्याला उंचावरील बांधकामात विकता येण्याजोगा हक्क मिळाला, तर गुंठे पाडण्याचा मोह निम्मा ओसरेल. जो मोकळी जमीन राखतो त्याला काहीच नाही आणि जो भराव टाकतो त्याला कोट्यवधी, ही सध्याची प्रोत्साहनाची रीत आहे. ती उलटी करणे कोणत्याही दंडापेक्षा परिणामकारक ठरेल. पाडकामाचा खर्च आणि नुकसानभरपाई साखळीतील शेवटच्याकडून नव्हे, तर गुंठे पाडून विकणाऱ्याकडून प्रथम वसूल व्हावी. आणि नव्या घराला वीजजोड देताना पूररेषेचा दाखला मागितला जावा. वीज नसलेले घर विकले जात नाही.

याहून साधी एक गोष्ट आहे. सातबारा उताऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. त्यात बँकेच्या कर्जाचा बोजा लिहिला जातो, कुळाचा हक्क लिहिला जातो, न्यायालयाचा मनाई आदेशही लिहिला जातो. नदीचा हक्क तेवढा लिहिला जात नाही. निळ्या रेषेच्या आत येणाऱ्या प्रत्येक गटाच्या उताऱ्यावर तशी नोंद झाली आणि दस्त नोंदविताना ती खरेदीदाराला वाचून दाखविली गेली, तर फसवणुकीला फार थोडी जागा उरेल. त्यासाठी पूररेषेचे नकाशे आणि जमिनीचे गट नकाशे एकमेकांवर ठेवून पाहावे लागतील. पूररेषेचे काम पाहणारे जलसंपदा खात्याचे सिंचन भवन, सातबाराचे काम पाहणारे जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय आणि दस्तनोंदणीचे काम पाहणारे नोंदणी महानिरीक्षकांचे कार्यालय, ही तिन्ही पुण्यातच आहेत.